क्वार्टेटचे सर मुलीला व्हायोलिन शिकवतच नाहीत, नुसते प्रश्न विचारतात. हे बरोबर आहे का?

बरोबर आहे. शिकवणी बदलू नका. का ते जरा सविस्तर सांगतो.

तुम्ही लिहिलंय की मुलगी चौदा वर्षांची आहे, सात वर्षं व्हायोलिन शिकतेय आणि यंदा पहिल्यांदाच स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये (दोन व्हायोलिन, त्याहून जरा मोठा, खालच्या सुराचा व्हायोला आणि चेलो) सेकंड व्हायोलिनला बसलीय. आठवड्यातून एकदा सर येतात, ते स्वतः चेलो वाजवतात. तासाभरात बोटांबद्दल किंवा बोबद्दल (गजाबद्दल) चकार शब्द काढत नाहीत. मधेच थांबवून "आत्ता धून कुणाकडे होती?" असं विचारतात, आणि परवा तर त्यांनी तिला व्हायोलाचा पार्ट, म्हणजे त्या वाद्यासाठी लिहिलेली ओळ, गायला लावला. तेव्हा तास फुकट जातोय का, आणि सेकंड व्हायोलिन म्हणजे दुय्यम जागा का, असे तुमचे दोन प्रश्न.

मी व्हायोला वाजवतो आणि बरीच वर्षं मुलांच्या क्वार्टेटना शिकवतोय. त्यामुळे मी सरांची बाजू घेणार हे गृहीत धरूनच वाचा.

चार मुलं आपापला पार्ट घरी घोटून येतात, एकत्र बसतात आणि आठव्या-दहाव्या बारला (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) गाडी रुळावरून उतरते. गंमत म्हणजे चुकलेलं कुणाचंच नसतं. एकेकट्याला वाजवायला सांगा, चौघंही बिनचूक वाजवून दाखवतील. बिघडतं ते दोघांच्या मधल्या जागेत कुठेतरी. व्हायोलिनच्या बाईंना ते ऐकूच येणार नाही, कारण त्यांच्यासमोर एकटी तुमची मुलगी असते. क्वार्टेटच्या सरांना नेमकं तेच ऐकायचं असतं. त्यांनी तिच्या तिसऱ्या बोटाकडे लक्ष दिलं, तर तेवढा वेळ उरलेले तिघं माशा मारत बसणार.

"पण सूर लागला नाही तर बोट दुरुस्त नको का करायला?" हा प्रश्न पालक हमखास विचारतात. इथे थोडं गणित येतं, पण ते एकदा कळलं की सरांचे निम्मे प्रश्न कळतात.

व्हायोलिनच्या तारा जी, डी, ए, ई. व्हायोला आणि चेलोच्या सी, जी, डी, ए. शेजारच्या दोन तारांमध्ये नातं षड्ज-पंचमाचं. समजा, चौघांनीही आपापले पंचम अगदी शुद्ध, ३:२ या प्रमाणात लावले. कुणालाच नाव ठेवता येणार नाही. आता चेलोची सर्वांत खालची मोकळी सी आणि व्हायोलिनची सर्वांत वरची मोकळी ई एकदम वाजवा. सीला षड्ज मानलं तर ई हा गंधार. चार पंचम एकावर एक चढवत तिथे पोचलं आणि मधली सप्तकं काढून टाकली, की प्रमाण येतं ८१:६४. पण तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येतो तो गोड गंधार ५:४ चा, म्हणजे ८०:६४. हा ८१ आणि ८० मधला फरक अर्धस्वराच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढा भरतो. कागदावर किरकोळ वाटतो, पण लांब स्वरावर थांबलात तर दातात खडा आल्यासारखा जाणवतो. म्हणून अनेक क्वार्टेट आपले पंचम केसभर आवळून लावतात. मुलांना हे पहिल्यांदा सांगितलं की ती माझ्याकडे संशयानं बघतात. मग मी चेलोला सी धरायला लावतो, व्हायोलिनला मोकळी ई, आणि गप्प बसतो.

गोष्ट इथेच संपत नाही. तोच ई एखाद्या लांब, स्थिर स्वरमेळात गंधार म्हणून आला तर तो जरा खाली हवा. तोच धुनेत पुढच्या एफकडे धाव घेत असेल तर जरा वर चालतो, उलट तसाच छान वाटतो. म्हणजे "माझा सूर बरोबर आहे का?" या प्रश्नाला एकटीपुरतं उत्तरच नाही. आत्ता खाली कोण काय वाजवतंय आणि त्यात माझा स्वर कोण आहे, हे माहीत असेल तर बोट आपोआप तिकडे सरकतं. सर व्हायोलाचा पार्ट गायला लावतात ते यासाठी. गळ्यातून गेलेला स्वर डोक्यात राहतो, नुसता शेजारून ऐकलेला राहत नाही.

मोत्सार्टचं १७८५ सालचं 'डिसोनन्स' नावानं ओळखलं जाणारं क्वार्टेट पुढेमागे तिच्या वाट्याला येईलच. त्याच्या सुरुवातीला चेलो एकाच सीवर संथपणे ठोके देत राहतो. त्यावर व्हायोला ए-फ्लॅट (एच्या अर्धस्वर खालचा स्वर) घेऊन येतो, मग सेकंड व्हायोलिन ई-फ्लॅट. व्हायोलाचा तो ए-फ्लॅट कानातून जायच्या आत फर्स्ट व्हायोलिन साध्या एवर उतरतं. व्हायोलाला काय लिहिलंय हे ज्या मुलाला माहीत नसतं, ते या एवर येताच दचकतं. आपलंच चुकलं असं वाटून बोट घसरवतं, आणि मग खरोखरच चुकतं. अशा वेळी "तुझा ए खाली गेला" असं सांगून काही होत नाही. त्याला आधी कळायला हवं की हा खटका मोत्सार्टनं मुद्दाम ठेवलाय, आणि त्यात ठामपणे उभं राहायचंय.

आता सेकंड व्हायोलिनबद्दल. दुय्यम हा शब्द घरात पुन्हा काढू नका, निदान तिच्यासमोर तरी. हायडनच्या ओपस ७६ मधलं तिसरं क्वार्टेट ऐका, १७९७ चं. त्याच्या दुसऱ्या मूव्हमेंटमधली (भागातली) धून त्यानं सम्राट दुसरा फ्रान्स याच्यासाठी बांधली होती. जर्मनीचं राष्ट्रगीत आज त्याच चालीवर गातात. धून आधी फर्स्ट व्हायोलिन मांडतं आणि मग चार आवर्तनं होतात. धून जशीच्या तशी राहते, फक्त हात बदलतात. पहिल्या आवर्तनात ती मिळते सेकंड व्हायोलिनला. व्हायोला आणि चेलो बो खाली ठेवून ऐकत बसतात आणि फर्स्ट व्हायोलिन तिच्याभोवती बारीक स्वरांची जाळी विणत फिरतं. त्यानंतर धून चेलोकडे जाते, मग व्हायोलाकडे. शिकवायला याच्याइतकी सोयीची रचना मला दुसरी सापडलेली नाही. धून हातात आली की मूल आपोआप पुढे झुकतं. ती दुसऱ्याकडे गेल्यावर मागे सरकायचं, पण झोपायचं नाही, ही अवघड गोष्ट आहे. "धून कुणाकडे होती?" हा सरांचा प्रश्न इथून येतो.

धून नसते तेव्हा सेकंड व्हायोलिन काय करतं? बहुतेक वेळा व्हायोलाबरोबर आतले धावते स्वर वाजवतं. ऐकणाऱ्याचं तिकडे लक्ष जात नाही, पण लय असते ती त्या दोघांच्या हातात. वर फर्स्ट व्हायोलिन कितीही नटो, आतले दोघं रेंगाळले की सगळं क्वार्टेट रेंगाळतं. गट नवीन असला की मी बरेचदा फर्स्ट व्हायोलिनला थांबवून उरलेल्या तिघांनाच वाजवायला सांगतो. ज्या मुलाला आयुष्यभर धूनच मिळालीय, त्याचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा असतो. खाली एवढं काहीतरी चाललेलं असतं, हे त्याच्या गावीही नसतं.

माझी एक चूक सांगतो, म्हणजे सर समोर उभे राहून ठेका का देत नाहीत ते कळेल. सुरुवातीच्या वर्षांत मी एका गटाला कार्यक्रमाच्या आधी महिनाभर हातानं ताल देऊन वाजवून घेतलं. तालीम झकास व्हायची. पालक खूश, मीही खूश. मंचावर अर्थातच मी नव्हतो. मिन्युएटमधला ट्रिओ, म्हणजे मधला भाग, संपला, पुन्हा सुरुवातीला यायचं होतं आणि चौघंही थांबली. उचल, म्हणजे सुरुवातीची खूण, कुणीतरी दुसरं देईल म्हणून प्रत्येक जण वाट बघत होता, कारण महिनाभर ती मी दिली होती. दोन-तीन सेकंदच गेले असतील. मग चेलोवाल्या मुलीनं हिय्या करून सुरुवात केली आणि तिघं तिच्या मागे धावली. दोष शंभर टक्के माझा होता.

तेव्हापासून मी खोलीच्या कोपऱ्यात, मुलांच्या पाठीमागे बसतो. समोर बसलं की ती माझ्याकडे बघून वाजवतात. उचल देणं म्हणजे मान हलवणं नव्हे, हे शिकवायलाच काही आठवडे जातात. खरी उचल श्वासात असते. ज्या वेगानं श्वास आत घ्याल त्याच वेगानं पुढचा बार सुरू होतो आणि बोही त्याच वेगानं उचलला जातो. हे पक्कं व्हावं म्हणून मी चौघांना पाठीला पाठ लावून बसवतो. दिसत काहीच नाही, श्वास तेवढा ऐकू येतो. पहिल्या दिवशी हसण्यातच वेळ जातो. तिसऱ्या दिवशी एकदम सुरू करतात.

चेलोवाले सर व्हायोलिनच्या मुलीला काय सांगणार, ही शंका तुम्ही उघड लिहिलेली नाही, पण ओळींमधून दिसली. बुडापेस्टच्या लिस्ट अकादमीत लिओ वाइनर यांनी कित्येक दशकं चेंबर म्युझिक (क्वार्टेटसारख्या छोट्या गटांचं संगीत) शिकवलं. ते तंतुवादक नव्हतेच, संगीतकार होते. त्यांच्या हाताखालून यानोश श्टार्करसारखा चेलोवादक गेला आणि गेऑर्ग शोल्टीसारखा कंडक्टरही. बाकी बहुतेक ठिकाणी हे काम क्वार्टेट वाजवणारी माणसंच करत आलीत. रॉबर्ट मान १९४६ ते १९९७ ज्युलियर्ड क्वार्टेटचे फर्स्ट व्हायोलिन होते आणि वाजवत असतानाच शिकवतही होते. टोकियो क्वार्टेट १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युलियर्ड या संगीतशाळेतच उभं राहिलं. अल्बान बर्ग क्वार्टेटचे चौघं सुरुवातीच्या काळात अमेरिकेतल्या सिनसिनाटीला जाऊन ला साल क्वार्टेटकडे शिकले आणि पुढे त्यांचे व्हायोलावादक हाटो बायर्ले यांनी २००४ मध्ये युरोपियन चेंबर म्युझिक अकादमी सुरू केली. अमेरिकेत व्हर्माँटमधल्या मार्लबोरोला १९५१ पासून वेगळीच रीत आहे. तिथे मुरलेला वादक तरुणांच्या गटात स्वतःच एक पार्ट घेऊन बसतो आणि बरोबरीनं तालीम करतो. मला ती फार आवडते, पण चौदा वर्षांच्या मुलांना ती झेपेलच असं नाही. मोठा माणूस शेजारी बसला की लहानं आपलं मत गिळतात.

आणि मतं तर हवीतच. मुलं भांडतात का, हे सरांना विचारा. भांडत असतील तर चांगलं चाललंय. माझा नियम एवढाच, की वाद घालण्याआधी दोन्ही मतं वाजवून बघायची, आणि दुसऱ्याचं मत आपलंच असल्यासारखं मन लावून वाजवायचं. मुद्दाम पाडून दाखवायचं नाही. बहुतेक भांडणं वाजवतानाच मिटतात. उरलेली मी मिटवत नाही. पुढच्या आठवड्यापर्यंत तुम्हीच ठरवून या म्हणतो. ठरवून आले नाहीत तर मात्र चिडतो.

काळजी कधी करायची तेही सांगतो. सर तासभर स्वतःच वाजवून दाखवत असतील आणि मुलं नक्कल करत असतील, तर विचारा. एखाद्या मुलाला बाकीच्यांसमोर वारंवार लाज आणत असतील, तर विचारण्यातही वेळ घालवू नका, तिला तिथून काढा. क्वार्टेटमध्ये अपमान झालेलं मूल हळू वाजवायला लागतं, आणि ते बरं करायला वर्ष जातं. दर आठवड्याला सगळ्यांचं बोइंग (कुठल्या स्वराला बो वर, कुठल्याला खाली, हे) बदलत असेल तर मला थोडी शंका येईल. पण स्पर्धा किंवा कार्यक्रम लांब असेल तर तेही चालवून घ्या, प्रयोग करायची वेळ तीच असते. खांदा किंवा मनगट दुखतंय असं ती म्हणाली तर ते थेट व्हायोलिनच्या बाईंकडे न्या. ते काम त्यांचंच, आणि क्वार्टेटला बसल्यावर स्टँड व खुर्ची चुकीच्या कोनात असल्यानं असं बरेचदा होतं.

तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. तिला नुसता पार्ट नव्हे, चौघांचा एकत्र स्कोअर मिळवून द्या, छोट्या आकाराचा चालेल. आणि तासावरून आली की "आज कसं झालं?" असं विचारू नका, "बरं" याखेरीज काही हाती लागणार नाही. "आज व्हायोला काय वाजवत होता?" असं विचारून बघा. पहिले काही आठवडे ती खांदे उडवेल. मग एखाद्या दिवशी ती गुणगुणून दाखवेल.

महिन्या-दोन महिन्यांनी तिचा पार्ट उघडून पाहा. तिच्या ओळीच्या वर पेन्सिलीनं बारीक अक्षरात चेलोचे चार-पाच स्वर लिहिलेले असतील, कुठे 'इकडे लक्ष' म्हणून काढलेलं चष्म्याचं चित्र असेल, कुठे नुसतंच "फर्स्टकडे बघ". ते तिनं स्वतः लिहिलंय का, एवढं विचारा. हो म्हणाली तर फीचा हिशेब करत बसू नका.