मूकपटांतल्या धडपडीत बघायचं काय?

तुमचा प्रश्न असा: मूकपटांतल्या शारीरिक विनोदाचं जाणकार एवढं कौतुक करतात, पण तुम्हाला त्यात माणसं नुसती भरभर पळताना आणि आपटताना दिसतात, हसू काही येत नाही. आणि त्या काळचा तो विनोदी नट बस्टर कीटन तर स्वतःही हसत नाही. मग बघायचं काय?

आधी त्या भरभर पळण्याबद्दल. तो दोष बऱ्याचदा तुम्ही पाहिलेल्या प्रतीचा असतो. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवत, आणि अनेकदा सेकंदाला २४ पेक्षा कमी चौकटी (फ्रेम) टिपल्या जायच्या. बोलपट आल्यावर २४ चा वेग पक्का झाला आणि जुन्या फितीही त्याच वेगाने पळवल्या गेल्या. (पाठलाग जोरात दिसावा म्हणून विनोदी नट कॅमेरा मुद्दाम हळू फिरवायला लावत हेही खरं, पण ते मोजूनमापून असे.) वेग चुकला की सगळ्यात आधी हरवतं ते वजन. माणूस कागदाचा वाटायला लागतो, आणि कागद पडला तर त्यात हसण्यासारखं काय? म्हणून नीट दुरुस्त केलेली प्रत शोधा.

हे वजनाचं मला शिकवलं माझ्या वडिलांनी. अप्पा भुसावळला वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. म्हातारपणी ऐकू येणं कमी होत गेलं, टीव्हीवरच्या मालिका सुटल्या, म्हणून एका दुपारी मी त्यांना कीटनचा १९२६ सालचा 'द जनरल' लावून दिला. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६२ साली, शत्रूच्या माणसांनी इंजिन पळवलं होतं, त्या खऱ्या घटनेवर तो बेतलेला आहे. कीटन त्यात इंजिन ड्रायव्हर आहे, जॉनी नावाचा.

सुरुवातीलाच त्याला सैन्यात घेत नाहीत, प्रेयसीही पाठ फिरवते, आणि तो खिन्न होऊन आपल्या इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर बसतो. इंजिन हलतं. दांडा त्याला अलगद वर नेतो, खाली आणतो, पुन्हा वर नेतो. तो आपल्या दुःखात, त्याला पत्ताच नाही. मी हसले. अप्पा हसले नाहीत, ते खुर्चीत पुढे सरकून बसले. म्हणाले, "अगं, साइड रॉडवर बसलाय तो. सुटताना चाक घसरतं कधी कधी, जागच्या जागी गरगर फिरतं. तसं झालं असतं तर?" चित्रीकरणाच्या वेळी धोका नेमका तोच होता, आणि कीटनला तो ठाऊक होता. अप्पांनी तो प्रसंग परत लावायला सांगितला. या खेपेला हसले ते, आणि श्वास रोखून बघत राहिले मी.

पुढे जॉनी इंजिनाच्या काऊकॅचरवर, म्हणजे पुढच्या जाळीवर, बसलाय, हातात एक लाकडी स्लीपर (रुळांखाली घालतात तो ओंडका), आणि समोर रुळावर दुसरा आडवा पडलेला. इंजिन चाललंच आहे. तो हातातला स्लीपर उचलतो आणि पडलेल्याच्या नेमक्या टोकावर आपटतो. दोन्ही उडून रुळाबाहेर! अप्पा एवढंच म्हणाले, "हे डोकं आहे." मला वाटतं कीटनच्या विनोदाचं याहून चांगलं वर्णन होणार नाही. संकट अंगावर येतंय आणि विचार करायला अंगाशिवाय दुसरं साधन नाही. तो विचार आपल्याला त्याच्या खांद्यांत, पायांत दिसतो.

अप्पा सगळ्यात जास्त हसले ते जॉनीची प्रेयसी इंजिनाच्या भट्टीत लाकडं घालते तेव्हा. शत्रू मागे लागलाय आणि ही बाई चिमुकल्या काटक्या घालतेय. वैतागून जॉनी तिला एक एवढीशी ढलपी देतो, तर ती तीही इमानेइतबारे आत टाकते. तो तिचा गळा धरून तिला हलवतो, आणि लगेच तिचं चुंबन घेतो. अप्पांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी जन्मभर फावड्याने कोळसा ओढलेला, भट्टीला किती लागतं हे त्यांच्या पाठीला माहीत होतं.

शेवटी जळत्या पुलावरून शत्रूचं इंजिन नदीत कोसळतं, तेही खरंच पाडलेलं. ओरेगॉनमधल्या कॉटेज ग्रोव्हजवळ ते चित्रित झालं. तेव्हा मात्र अप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत.

आपल्याला विनोद कानाने घ्यायची सवय आहे. कोटी, टोमणा, शेवटच्या शब्दावर टाळी. इथे पायांकडे बघावं लागतं. म्हणूनच कीटन कॅमेरा मागे ठेवतो, डोक्यापासून बुटापर्यंत अख्खा माणूस चौकटीत असतो, आणि महत्त्वाच्या क्षणी कात्री लागत नाही. 'स्टीमबोट बिल, ज्युनियर' (१९२८) मध्ये वादळात घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्यावर पडते आणि वरच्या उघड्या खिडकीतून तो सहीसलामत उभा राहतो. भिंत खरी जड होती, खिडकीची कड आणि त्याचं अंग यांत काही इंचांचंच अंतर. हीच कल्पना तो १९१९ पासून घोळवत होता: आधी नाटकाच्या सेटची हलकी भिंत, मग १९२० मध्ये एका छोट्या घराची, आणि शेवटी ही.

त्याचा निर्विकार चेहराही कमावलेला आहे. लहानपणी आईवडिलांबरोबर तो व्हॉडव्हिलच्या, म्हणजे गाणी, नकला, कसरती अशा मिश्र करमणुकीच्या, रंगमंचावर काम करायचा. वडील त्याला उचलून फेकायचे, फेकायला सोपं जावं म्हणून त्याच्या कपड्यांना बॅगेची मूठ शिवलेली असायची. आपण हसलो तर प्रेक्षक कमी हसतात, हे त्याला तिथेच कळलं.

चॅप्लिनची तऱ्हा वेगळी. 'द गोल्ड रश' (१९२५) मध्ये तो उकडलेला बूट खातो आणि त्याचे खिळे हाडं चोखावीत तसे चोखतो. वस्तू त्याच्या हातात आली की दुसरीच होते. कीटनच्या हातात स्लीपर स्लीपरच राहतो, आणि मला तेच जास्त आवडतं.

'द जनरल'ने सुरुवात करू नका, तो थोडा लांब आहे. १९२०चा 'वन वीक' बघा, वीसेक मिनिटांचा. नवविवाहित जोडप्याला सुट्या भागांचं घर भेट मिळतं आणि एक मत्सरी माणूस खोक्यांवरचे आकडे बदलून ठेवतो. शेवटी ते घर रेल्वेच्या रुळावर अडकतं. तिथे पडद्याच्या दोन्ही कडांवर लक्ष ठेवा.