ओपन सोर्स सिस्टीम टूलच्या ऑटोमेटेड टेस्ट कशा लावायच्या आणि कशा चालवायच्या?

तुमचं टूल माउंट केलेल्या (म्हणजे एखाद्या फोल्डरशी जोडलेल्या) डिस्कचा हिशेब दाखवतं, साठेक टेस्ट एकाच लांबलचक शेल स्क्रिप्टमध्ये आहेत, आणि तुमच्याकडे पास होणाऱ्या टेस्ट पॅच (कोडमधला बदल) पाठवणाऱ्यांकडे फेल होतात, असं तुम्ही लिहिलंय. मीही इथे देवगडला बसून असंच एक छोटं टूल सांभाळतो आणि याच वाटेने गेलोय.

पहिलं काम म्हणजे स्क्रिप्ट फोडा. एक टेस्ट, एक फाइल. पण फोल्डर करताना फीचरकडे नंतर बघा. आधी ती टेस्ट मशीनकडे काय मागते ते बघा. काहीच न मागणाऱ्या एकीकडे, रूट (सिस्टीमचे पूर्ण अधिकार) लागणाऱ्या दुसरीकडे, नेटवर्कवाल्या आणि वेळखाऊ वेगळ्या. जीएनयू कोअरयुटिल्समध्ये (लिनक्सच्या ‘एलएस’, ‘सीपी’सारख्या मूळ कमांडचा संच) असंच आहे: रोजच्या टेस्ट ‘मेक चेक’ने चालतात, रूटवाल्यांना ‘चेक-रूट’ हे वेगळं टार्गेट आहे, आणि महागड्या, म्हणजे खूप वेळ खाणाऱ्या, टेस्ट तुम्ही मुद्दाम व्हेरिएबल दिल्याशिवाय चालत नाहीत. नवीन माणसाने रेपो (कोडचा साठा) उतरवून घेतला की पहिली कमांड पासवर्ड न मागता, मिनिटभरात संपली पाहिजे. नाहीतर तो टेस्ट चालवतच नाही.

रूटवाल्या टेस्टबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तिथे माझं खरंच नुकसान झालंय. माझी एक टेस्ट घरच्या फोल्डरचं बाइंड माउंट एका तात्पुरत्या डिरेक्टरीत करायची (म्हणजे तेच फोल्डर तिथेही दिसायचं) आणि शेवटी ‘यूमाउंट’ने ती जोड काढून ‘आरएम -आरएफ’ने ती डिरेक्टरी उडवायची. एकदा दुसऱ्या टर्मिनलमध्ये मी त्याच डिरेक्टरीत उभा होतो. ‘टार्गेट इज बिझी’ म्हणून यूमाउंट फेल झालं, स्क्रिप्ट थांबली नाही, आणि पुढच्या ओळीने माउंटमधून आत शिरून मूळ फोल्डर साफ केलं. आमच्या हापूसच्या कलमांच्या दोन हंगामांच्या फवारणीच्या नोंदी त्यात होत्या. बाबांनी वहीवरून मला रोज सांगून टाइप करून घेतलेल्या. वही तोवर पावसात भिजून गेली होती.

तेव्हापासून माझे नियम ठरलेत. माउंट पॉइंट कधीही ‘आरएम’ने काढायचा नाही, ‘आरएमडीआयआर’ने काढायचा, आत काही असेल तर ते नकार देतं. सफाई ‘ट्रॅप’मध्ये (स्क्रिप्ट कशीही थांबली तरी चालणाऱ्या ओळीत) लिहायची, म्हणजे कंट्रोल-सी दाबलं तरी ती होते, आणि ज्या क्रमाने मांडलं त्याच्या उलट क्रमाने आवरायचं. खऱ्या फोल्डरला हात लावायचा नाही: ‘ट्रंकेट’ने ६४ एमबीची फाइल करा, तिच्यावर ईएक्सटी४ फाइलसिस्टीम घाला, लूप डिव्हाइसने (ते फाइललाच डिस्क म्हणून दाखवतं) माउंट करा. त्याहून चांगलं म्हणजे अख्खी टेस्ट ‘अनशेअर’ने वेगळ्या माउंट नेमस्पेसमध्ये (बाकी सिस्टीमपासून वेगळी ठेवलेली माउंटची यादी) चालवा, शेवटची प्रोसेस संपली की तिथली माउंट आपोआप जातात.

तुमच्याकडे पास आणि दुसऱ्याकडे फेल, याचं कारण बहुतेक वेळा भाषा किंवा घड्याळ असतं. माझ्या लॅपटॉपचं लोकेल (भाषेची सेटिंग) मराठी आहे. अपेक्षित आउटपुटमध्ये इंग्रजी ‘जेयूएन’ होतं आणि माझं टूल ‘जून’ छापत होतं. बरोबरच छापत होतं! टेस्टच्या सुरुवातीला ‘एलसी_ऑल’ला (भाषा) ‘सी’ आणि ‘टीझेड’ला (टाइमझोन) ‘यूटीसी०’ द्या. मात्र एक टेस्ट मुद्दाम ‘एशिया/कोलकाता’वर ठेवा. आपला साडेपाच तासांचा फरक पूर्ण तास गृहीत धरणारा कोड लगेच पकडतो.

नेटवर्कचं म्हणाल तर जून ते सप्टेंबर इथे लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण राउटर बंद पडतो. बाहेरच्या सर्व्हरवर टेकलेल्या माझ्या टेस्ट तेव्हा धडाधड फेल व्हायच्या, कोडमध्ये काहीच चूक नसताना. आता सर्व्हर टेस्ट स्वतःच १२७.०.०.१ वर, म्हणजे त्याच मशीनवर, उभा करते. जे खरंच मिळत नाही, त्यासाठी ऑटोमेक या बिल्ड टूलच्या पद्धतीने ७७ हा एक्झिट कोड (टेस्ट संपताना परत देते तो आकडा) द्या. त्याचा अर्थ ‘स्किप’, फेल नव्हे. पण स्किपवर नजर ठेवा. रूटच्या सगळ्या टेस्ट सीआयवर (प्रत्येक बदलावर टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा) तीन महिने स्किप होत होत्या आणि मी हिरवी खूण बघून निर्धास्त होतो. आता सीआयवर ठरलेल्या आकड्यापेक्षा एक जरी जास्त स्किप झाली तरी मी बिल्ड पाडतो.

अपेक्षित आउटपुट वेगळ्या फाइलीत ठेवून ‘डिफ’ने ताडून बघा, युटिल-लिनक्समध्ये (‘माउंट’सारख्या कमांडचा संच) हेच करतात, आणि फेल झाल्यावर नेमकी कोणती ओळ बदलली ते समोर दिसतं. प्रत्येक टेस्टला ‘एमकेटेम्प -डी’ने स्वतःची डिरेक्टरी दिलीत की ‘मेक -जे४ चेक’ (चार टेस्ट एकाच वेळी) चालतं. तसं केल्यावर काही टेस्ट फेल झाल्या, तर त्या एकमेकींच्या फाइलींवर अवलंबून होत्या असं समजा. बग आला की आधी टेस्ट लिहा आणि जुन्या कोडवर ती फेल होते हे डोळ्यांनी बघा, मगच दुरुस्तीला हात घाला.

साठच्या साठ आज फोडू नका. रूट लागणाऱ्या तेवढ्या आज रात्री बाजूला काढा, आणि त्यातली प्रत्येक ‘आरएम’ची ओळ नीट वाचा.