एकाच घरात आडनावे निरनिराळी असतील तर खरे कोणते मानावे?

आपण विचारले आहे की वडिलांचे, काकांचे आणि आपले आडनाव कागदोपत्री तीन प्रकारे लिहिले गेले आहे, गावाकडचे भाऊबंद तर निराळेच आडनाव लावतात. तेव्हा यांतले खरे कोणते, मूळ कसे शोधावे आणि सगळीकडे एकच कसे करून घ्यावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लगेच देतो. खरे आडनाव अशी वस्तूच नसते. कागदावर चालणारे आणि न चालणारे, एवढे दोनच प्रकार असतात. हे इतक्या ठामपणे सांगण्याचे कारण असे की आमच्या घरातली थोरली पाती कुलकर्णी आहे, धाकटी पाती मंगळवेढेकर आहे, आणि माझे वडील गेल्यानंतर जमिनीच्या वारसनोंदीच्या वेळी थोरल्या पातीतल्या माझ्या चुलतभावाने ‘आमच्या घराण्यात मंगळवेढेकर नावाचे कोणीही नाही’ असे लेखी दिले होते.

आमचे गाव मंगळवेढे तालुक्यात आहे. हा तालुका १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होता, आणि शेजारचे सोलापूर इंग्रजी मुलखात. गावचे कुलकर्ण आमच्या पणजोबांकडे होते. त्यांचा थोरला मुलगा वतनावर राहिला आणि धाकटा, म्हणजे माझे आजोबा, सोलापुरात एका गिरणीच्या कचेरीत कारकून म्हणून लागले. सोलापूर हे कर्नाटकाच्या सीमेवरचे शहर असल्यामुळे तेथे मराठी बोलणारे कुलकर्णी होते तसेच कानडी बोलणारेही होते, आणि त्या कचेरीत हजेरीपटावर आधीच इतके कुलकर्णी होते की हेडक्लार्कने नव्या माणसाला ‘कोठले?’ एवढेच विचारून हजेरीत मंगळवेढेकर असे लिहून घेतले. गावाचे खरे नाव सोलापुरात कोणालाच ठाऊक नव्हते, पण मंगळवेढ्याची ज्वारी सगळ्यांना ठाऊक होती. म्हणून गावाऐवजी तालुक्याचे नाव चिकटले. वडिलांचे नाव शाळेत घालताना आजोबांनी तेच लावले, आणि तेथून पुढे आम्ही मंगळवेढेकर झालो.

‘कर’ जोडलेल्या आडनावांविषयी लोक बहुधा उलटा तर्क करतात. अमुककर म्हणजे त्या गावात अमुककरांची घरेच घरे असणार, असे त्यांना वाटते. वास्तविक मंगळवेढ्यात राहणाऱ्या माणसाला मंगळवेढेकर म्हणण्याचे कोणाला काही कारण नसते. ते नाव माणसाने गाव सोडल्यावर, परक्या ठिकाणी, परक्या माणसांनी दिलेले असते. म्हणून चिपळूणकर चिपळुणापेक्षा पुण्यामुंबईत शोधावेत. शिवाय एका गावातून निरनिराळ्या जातींची, निरनिराळ्या कुळांची माणसे बाहेर पडतात आणि सगळ्यांना तेच नाव मिळते, त्यामुळे दोन मंगळवेढेकर एकमेकांचे कोणीही नसणे हेच अधिक संभवनीय. होळकर हे नीरेकाठच्या होळ गावावरून पडलेले नाव पुढे इंदूरच्या राजघराण्याचे झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या घराण्याचे नाव सकपाळ होते आणि गाव आंबडवे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचा प्रवेश नोंदला गेला तो भिवा रामजी आंबेडकर असा. शाळेच्या दप्तरातली एक नोंद पुढे पिढ्यान्‌पिढ्यांचे नाव कशी ठरवते, याचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही.

आता कुलकर्णी. माझ्या चुलतभावाच्या मते हे आमचे मूळ, अस्सल आडनाव, आणि आजोबांनी ते शहरात जाऊन टाकून दिले. हे म्हणणे मी लहानपणापासून प्रत्येक लग्नात आणि प्रत्येक श्राद्धाच्या पंगतीत ऐकत आलो आहे. परंतु कुलकर्णी हे हुद्द्याचे नाव आहे. गावचा वसूल आणि कुळवार हिशेब लिहिणारा तो कुलकर्णी, गावचा मुख्य तो पाटील, परगण्याचा हिशेब ठेवणारा देशपांडे आणि परगण्याचा प्रमुख देशमुख; ज्याच्याकडे वतन गेले त्याच्याकडे नाव गेले. म्हणूनच पाटील मराठ्यांत आहेत, लिंगायतांत आहेत, जैनांत, आगऱ्यांत, कोळ्यांत आणि मुसलमानांतही आहेत. मुजुमदार हे फारशी दप्तरातले पद असल्यामुळे पुण्यातही मुजुमदार आणि बंगालातही मजुमदार, आणि दोघांचा एकमेकांशी रक्ताचा काडीमात्र संबंध नाही. पेशवे मूळचे भट आणि नाना फडणवीस मूळचे भानू. कुलकर्णी वतने मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने नाहीशी करण्यात आली, पाटलांचे पद १९६२ च्या कायद्याने गेले; हुद्दे संपले तरी पाट्या तशाच राहिल्या. नोकरी सुटल्यावरही खुर्ची घरी नेणाऱ्या माणसाने दुसऱ्याला ‘तू नाव टाकलेस’ म्हणावे, हा प्रकार मला कधीच समजलेला नाही.

वारसनोंदीचा प्रसंग असा. गावच्या सातबाऱ्यावर आजोबांचे नाव कुलकर्णी असे होते. वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्यावर, आधारकार्डावर आणि पेन्शनच्या कागदांवर मंगळवेढेकर. तलाठ्याने विचारले की कुलकर्ण्यांच्या जमिनीला मंगळवेढेकर वारस कसे, आणि त्याचे विचारणे अगदी रास्त होते. तो समोरच्या कागदावर चालतो, आमच्या घरातल्या आठवणींवर नव्हे. आम्ही प्रतिज्ञापत्र दिले, वंशावळ दिली, फेरफार धरला गेला आणि हितसंबंधितांना नोटिसा निघाल्या. पंधरा दिवसांच्या मुदतीत चुलतभावाने हरकत घेतली. हरकत आली की नोंद विवादग्रस्त प्रकरणांच्या वहीत जाते आणि सुनावणी लागते; गावात मग दुसरा विषय राहत नाही. त्याला जमीन हवी होती असे मी म्हणणार नाही, कारण वाटण्या आजोबांच्या काळातच झाल्या होत्या आणि ताबा आमचाच होता. त्याला एवढेच हवे होते की आम्ही सर्वांसमक्ष कुलकर्णी म्हणून अर्ज करावा आणि मंगळवेढेकर हे नाव चुकीचे होते असे लिहून द्यावे.

माझ्या आईने त्याला स्वच्छ नकार दिला. तिने पत्र्याच्या पेटीतून आजोबांच्या वेळचे वाटणीपत्र काढून माझ्यापुढे ठेवले. ते मोडीत होते. मोडीत ह्रस्वदीर्घाचा भेद बहुधा पाळला जात नाही आणि शब्दही तोडलेले नसतात, त्यामुळे ज्याने ती लिपी हाताळली आहे त्यानेच ती वाचावी. मी पंढरपुरातल्या एका वृद्ध जाणकारांकडे गेलो. त्यांनी पहिल्याच ओळी वाचल्या आणि मान वर करून विचारले, ‘तुम्ही पाठक ना?’ कागदात आमच्या पणजोबांच्या वडिलांच्या नावापुढे ‘उपनाम पाठक, वृत्ती कुलकर्ण’ असे लिहिलेले होते, आणि खाली माझ्या आजोबांचे नाव ‘कुलकर्णी ऊर्फ मंगळवेढेकर, हल्ली वस्ती सोलापूर’ असे. म्हणजे थोरल्या पातीचे आडनावही तितकेच नंतरचे निघाले. सुनावणीत हे वाचन देवनागरी प्रतीसह दाखल केले, गावातल्या दोन वयस्कांचे जबाब झाले, आणि मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली. चुलतभाऊ बाहेर आल्यावर म्हणाला की पाठक ही लिहिणाऱ्याची चूक असणार. गावात लिहिणारा कोण होता हे त्याला विचारण्याचा मोह मी आवरला, कारण वाटणीपत्राचा लेखक त्याचेच आजोबा होते.

तो अजून कुलकर्णीच लावतो, आणि त्याने ते खुशाल लावावे. फक्त त्याच्या दारावरच्या पाटीवर ‘कुळकर्णी’ आहे, सातबाऱ्यावर ‘कुलकर्णी’ आहे आणि त्याच्या मुलाच्या पासपोर्टावर शेवटी आय आहे की वाय यावरून घरात वाद आहे. अस्सलपणाचा आग्रह धरणाऱ्याने आधी स्वतःच्या घरातले ल आणि ळ एका जागी आणावेत, असे माझे मत आहे.

स्पेलिंगच्या बाबतीत मात्र दोष कोणाच्या घराचा नसतो, तो लिपीचा असतो. माझ्या आडनावात ळ आहे, व आहे, ढ आहे. ळला रोमन लिपीत अक्षरच नाही, म्हणून तेथे एल येतो आणि उच्चार मरतो. व हा कोणी व्ही लिहितो, कोणी डब्ल्यू. ढ हा कोणी डी-एच लिहितो, कोणी नुसता डी, आणि ‘ढे’मधली मात्रा कोणी ठेवतो, कोणी खातो. दोन-दोन पर्यायांच्या या तीन जागा मिळून आठ स्पेलिंगे होतात, आणि त्यांतली बरीचशी आमच्या कुटुंबात प्रत्यक्ष वापरात आहेत. फडके आणि फडणीस यांचा फ पी-एच की एफ, हा असाच न मिटणारा प्रश्न. जुन्या लोकांनी याचा विचार केला नव्हता असे नाही. १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, आलेले परांजपे आपले नाव पी-वाय-ई असे संपवीत, कारण नुसता ई ठेवला तर साहेब त्याचा उच्चारच करणार नाही. साठये, लिमये यांच्या इंग्रजी शेवटाकडेही या दृष्टीने पाहावे.

माणसे प्रांत ओलांडून गेली की बदल अधिक होतात. गोव्यातून मंगळूर आणि कोचीकडे गेलेल्या सारस्वतांचे कामत तेथे टी-एच घेऊन येतात, कारण दक्षिणेत तसाठी टी-एच लिहिण्याची रीत आहे. पुढे मुंबईचा माणूस ते वाचून त्यांना ‘कामथ’ म्हणू लागतो, आणि शेणव्यांचे तिकडे शेणॉय झालेले असतात. ग्वाल्हेरचे शिंदे सिंधिया झाले, देवासच्या पवारांचे इंग्रजी नाव ‘पुआर’ असे वाचले जाते, आणि हिंदीत ळ नसल्यामुळे होळकरांचे होलकर झाले. बंगालात बंदोपाध्याय आणि बॅनर्जी ही एकाच नावाची दोन रूपे शेजारीशेजारी नांदतात आणि त्यावरून कोणी भावाच्या वारसनोंदीला हरकत घेतल्याचे मी तरी ऐकलेले नाही. मात्र चव्हाण म्हणजे चौहान, साळुंखे म्हणजे सोळंकी आणि मोरे म्हणजे मौर्य अशी नुसत्या उच्चारसाम्यावर वंशावळी बांधणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. नावे जुळतात म्हणून वंश जुळत नाही. त्याला कागद लागतो.

तो कागद कोठे मिळेल, हे आपण विचारलेच आहे. कुलदैवत आणि गोत्र घरात विचारून घ्या, मग त्र्यंबकेश्वर, नाशिक किंवा पंढरपूर येथील तीर्थोपाध्यांच्या वह्यांत पूर्वजांच्या नोंदी मिळतात का ते पाहा. तेथे बहुधा गावाच्या नावावरून शोध लागतो, म्हणून गाव नक्की ठाऊक असले पाहिजे. सांगली, कोल्हापूर, बेळगाव भागातले असाल तर हेळव्यांच्या चोपड्या पाहाव्यात. घराण्यांच्या वंशावळी सांभाळणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय आहे. तहसील कार्यालयातले जुने फेरफार तर पाहावेतच, कारण ‘ऊर्फ’ हा शब्द सापडला तर तेथेच सापडेल. आणि घरातला एकही मोडी कागद रद्दीत घालू नका. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचणाऱ्यांना पुष्कळ मागणी आली आहे, तेव्हा माणूस मिळायला वेळ लागेल, एवढेच.

सगळीकडे एक करण्याविषयी माझे मत असे की सगळीकडे एक करण्याच्या नादी लागूच नये. आपल्या एका हयातीत ज्या कागदांचा एकमेकांशी संबंध येतो तेवढे जुळवून घ्यावेत: शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पॅन, पासपोर्ट, बँकेचे खाते. यांत दाखल्यावरचे रूप प्रमाण धरणे सोयीचे, कारण शाळा सुटल्यानंतर तो बदलणे सर्वांत अवघड असते. वडिलांचे किंवा काकांचे जुने कागद दुरुस्त करीत बसू नये. त्यांच्यासाठी दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र आणि फेरफारात ‘ऊर्फ’ एवढे पुरते. राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करायचा झाल्यास अर्ज शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे ऑनलाइन करता येतो, परंतु राजपत्राने जुने कागद आपोआप बदलत नाहीत, प्रत्येक ठिकाणी त्याची प्रत घेऊन जावेच लागते.

हे सारे महाराष्ट्रापुरते आहे. तमिळनाडूत बहुसंख्य लोक आडनावच लावत नाहीत, वडिलांच्या नावाचे आद्याक्षर लावतात, आणि त्यांचे परदेशातले घोटाळे निराळेच असतात. माझ्या सल्ल्याला दुसरी एक मर्यादा अशी की आमच्या बाबतीत ताबा आणि वाटणीपत्र दोन्ही आमच्याकडे होते. आपल्याकडे वाटणी तोंडी झाली असेल आणि भाऊबंद निराळे आडनाव लावीत असतील, तर वकिलाला दाखवल्याशिवाय कोठेही सही करू नये. आणि त्या भाऊबंदांपैकी कोणी ‘आमचेच आडनाव मूळचे’ असे लिहून मागितले, तर त्यांना आधी त्यांच्या पणजोबांचा कागद दाखवायला सांगावे.