कोर्सच्या गावी निघायच्या आधी पार्ट टू ऑर्डरची कॉपी हातात घ्या

ताई, आधी पोस्ट एडिट करा आणि मिस्टरांच्या युनिटचं नाव, कोर्सचं नाव, तारखा सगळं काढून टाका. २०२० मध्ये फौजेनं जवानांना फोनमधून ८९ ॲप काढायला लावली ती माहिती बाहेर फुटू नये म्हणून, काही हौस म्हणून नाही. "सिग्नल्समध्ये (फौजेच्या संदेशवहन शाखेत) आहेत, महूला वर्षभराचा कोर्स लागलाय" एवढं लिहिलंत तरी आम्हाला पुढचं सगळं कळतं.

आता तुमचा प्रश्न. मिस्टर वर्षभराच्या कोर्सला महूला, म्हणजे मध्य प्रदेशात इंदूरजवळ, चाललेत. मुलगी दीड वर्षाची, क्वार्टर मिळणार नाही असं मिस्टर म्हणतात, सासूबाई म्हणतात एक वर्षाचा तर प्रश्न आहे, गावीच राहा, आणि तुम्हाला जायचंय. वाचताना अक्षरशः माझंच पत्र वाचतेय असं वाटलं. मी गेले होते, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा जाईन. त्यामुळे जाऊ की नको यावर माझ्याकडून मधलं उत्तर मिळणार नाही. जा. पण कागद पुरे झाल्याशिवाय पाऊल उचलू नका. भांडीकुंडी किती न्यायची हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळत असेल, त्यात शिरत नाही.

आपल्याला घरी वाटतं, नवरा महूला म्हणजे त्याचं ऑफिसही महूला. तसं नसतं. पोस्टिंग वेगळी आणि कोर्स वेगळा. कोर्सला आलेला माणूस तिथे पाहुणा, त्याचे कागद मूळ युनिटात. लग्न झालं, मूल झालं की त्याची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजेच्या कागदातली अधिकृत नोंद, युनिट काढतं, आणि पुढे रेकॉर्ड ऑफिसात नोंद होते. सिग्नल्सचं रेकॉर्ड ऑफिस जबलपूरला. ती ऑर्डर निघेपर्यंत फौजेच्या लेखी तुमचं मूल जन्मलेलंच नाही. डिपेंडंट कार्ड (घरच्यांचं फौजेचं ओळखपत्र), एमएचमधली, म्हणजे मिलिटरी हॉस्पिटलमधली औषधं, पुढे शाळा, सगळं त्या एका कागदावर टांगलेलं.

आमचं काय झालं ते सांगते. लग्नाची ऑर्डर निघाली होती, मुलीची राहिली होती. तेव्हा युनिट फील्डला, म्हणजे सरहद्दीकडच्या भागात. यांनी निघायच्या आधी कागद देऊन ठेवले होते, "हो जाएगा" म्हणून सांगितलं होतं. आम्ही महूला पोचलो, रूम लावली आणि थंडीच्या सुरुवातीला मुलीला ताप आला. माझं कार्ड होतं, तिचं नव्हतं. डॉक्टरांनी तपासलं, त्यांची तक्रार नाही. पण औषधं, रक्ताच्या तपासण्या आणि पुढच्या फेऱ्यांसाठी एका खिडकीवर कागद लागला, आणि तिथून चक्र सुरू झालं. शेवटी इंदूरला खाजगी दवाखाना गाठला आणि सगळा खर्च खिशातून केला.

ते ऑफिस कुठलं, कुणाचं, हे लिहिणार नाही. पण त्या खिडकीतला माणूस अजून डोळ्यासमोर आहे. मुलीचा जन्मदाखला आणि माझं कार्ड त्यानं शेजारी शेजारी ठेवलं, खाली पट्टी धरली आणि पेन्सिलनं एका अक्षराखाली बारीक रेघ मारली. माझं नाव सुवर्णा. ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर इंग्रजीत त्यातला 'व' डब्ल्यूनं लिहिलेला आणि फौजेच्या कागदात व्हीनं. "मॅडम, मैच नहीं हो रहा. हसबंड को भेजिए." हसबंड पहाटे पीटीला जातो, दिवसभर क्लासात असतो, आणि खिडकी दुपारी जेवणाआधी बंद होते. कोर्समध्ये सुट्टी मागणं म्हणजे काय ते ज्यानं मागितलीय त्यालाच ठाऊक. बरं, ते सुटून गेले तर उत्तर काय, तर "ये तो यूनिट से आएगा." मग हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी का सांगितलं नाही? मला हसबंडला पाठवायला सांगायचं आणि हसबंडला युनिटकडे. युनिटला फोन लावला तर कळलं की फाइल तिथूनही त्याच डब्ल्यूपायी परत आलेली, आणि परत आलीय हे कुणी कळवलंच नव्हतं. दाखला दुरुस्त करायला शेवटी मीच पोरीला कडेवर घेऊन साताऱ्याला आले. जन्माची नोंद जिथली, दुरुस्तीही तिथेच होते. आमच्या ग्रामसेवकानं मात्र पटकन काम केलं, ते सांगायलाच हवं.

राग अजून गेलेला नाही, दिसतंयच. असो.

तर तुमच्यासाठी. मिस्टर अजून युनिटात आहेत असं लिहिलंय, म्हणजे हातात वेळ आहे. त्यांना हेड क्लार्कसमोर उभं राहून दोन्ही पार्ट टू ऑर्डरच्या, लग्नाच्या आणि मुलीच्या, नंबर-तारखेसकट कॉपी मागायला सांगा. "निघालीय" या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, कागद बघायचा. मग मुलीचं नाव डिपेंडंट कार्डावर चढवून घ्यायचं, तेही मूव्हमेंट ऑर्डर, म्हणजे युनिटातून निघायचा हुकूम, हातात पडायच्या आधी. एकदा माणूस युनिटातून हलला की त्याच्या फाइलला कुणी वाली राहत नाही.

आणि सगळ्या कागदांवरचं तुमचं नाव आज रात्रीच एका रांगेत मांडून बघा: आधार, लग्नाचा दाखला, मुलीचा जन्मदाखला, बँक पासबुक, फौजेची नोंद. एकेक अक्षर. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, काही घरांत तर पहिलंही बदलतात, आणि फौजेच्या कागदात माहेरचं नाव गेलेलं असतं. माझं मत विचाराल तर फौजेच्या नोंदीत जे नाव आहे तेच खरं धरा आणि बाकीचे कागद त्याला जुळवा, कारण तिथली नोंद बदलायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. पण आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा घाईघाईत सेतू केंद्रात जाऊन एक संधी वाया घालवू नका. मुलीच्या दाखल्याचं तर जास्तच बघा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळेपासून आधारपर्यंत जन्मदाखला हाच मुख्य पुरावा झालाय. आत्ता चुकलेलं अक्षर तिच्या दहावीपर्यंत मागे लागेल.

सूचना म्हणून सांगते, मी जवानाची बायको आहे, कुठल्या ऑफिसात कामाला नाही. ऑफिसरांच्या फॅमिलीचं वेगळं, नेव्ही-एअरफोर्सचं वेगळं, आणि नियम बदलत राहतात. बाहेर राहायची परवानगी, एचआरए (घरभाडे भत्ता) वगैरे हेड क्लार्कलाच विचारा, माझ्या आठवणीवर जाऊ नका. कुठेच दाद लागली नाही तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. ते फक्त माजी सैनिकांचं असतं असा समज आहे, पण नोकरीत असलेल्या जवानाच्या घरच्यांचंही ते काम करतात. मला हे फार उशिरा कळलं.

महूबद्दल थोडं. शहराचं सरकारी नाव २००३ पासून डॉ. आंबेडकर नगर आहे. रेल्वेचं तिकीट काढताना, पत्ता टाकताना त्या नावानं शोधा. १४ एप्रिलच्या आसपास लहान मुलाला घेऊन प्रवास ठेवू नका. बाबासाहेबांच्या जन्मभूमीला आपल्याकडून एवढी माणसं येतात की स्टेशनवर पाय ठेवायला जागा नसते. (एरवी मात्र आवर्जून जाऊन या.) पुण्याहून धुळे-सेंधवा मार्गे रात्रीच्या बसनं येणार असाल तर महू इंदूरच्या आधी लागतं. ड्रायव्हरला चढतानाच सांगून ठेवा, नाहीतर इंदूरला उतरून उलटं यावं लागतं.

रूम किशनगंज, कोदरिया, गुजरखेडा या बाजूला लोक बघतात. बाजार जवळ आहे म्हणून घेऊ नका, मिस्टर ज्या गेटनं आत जाणार ते गेट बघून घ्या. रात्री अभ्यास आटपून सायकलवर येणारा माणूस दोन किलोमीटर वाचले तर तेवढा वेळ मुलीशी खेळतो. फोनवर "मैं फौजी हूँ" म्हटल्यावर घरमालक गप्प झाला तर वाईट वाटून घेऊ नका. फौजीचं खोटं ओळखपत्र पाठवून भाड्याच्या नावाखाली पैसे उकळणाऱ्या टोळ्यांनी तो शब्दच बदनाम केलाय. तुम्हीही घर न बघता टोकन पाठवू नका, समोरचा कितीही वर्दीतला फोटो लावून बसलेला असो.

गॅस कनेक्शन गावाहून हलवायच्या भानगडीत पडू नका. सिलिंडर-रेग्युलेटर जमा करा, व्हाउचर घ्या, तिकडे नवीन डिपॉझिट भरा, आणि वर्षानं हेच उलट. पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, तिघांना पुरतो. रेशनकार्डही हलवू नका, एक देश एक रेशनकार्डमुळे अंगठा लावून तिकडे धान्य उचलता येतं.

आणि तुमच्या नोकरीचं. तुम्ही नर्स आहात आणि राजीनामा लिहून ठेवलाय असं म्हणताय. देऊ नका. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीवर मध्य प्रदेशात थेट काम धरता येत नाही, तिथल्या कौन्सिलची वेगळी नोंदणी लागते आणि इकडची एनओसी मिळवण्यातच तुमचे कोर्सचे निम्मे महिने जातील. आधी मेट्रनना भेटून बिनपगारी रजा मागा, आणि तोंडी हो म्हणाल्या तरी ते लेखी घ्या.