लॉग कोरा, तरी पेट्या जुळत नाहीत

देवगडच्या आंबा व्यापाऱ्यासाठी केलेल्या तुमच्या अ‍ॅपमध्ये बागायतदारांकडून आलेल्या आणि वाशीला गेलेल्या पेट्या अधूनमधून जुळत नाहीत, लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामने स्वतः लिहीत गेलेल्या नोंदींत, एरर नाही, म्हणून चांगलं डीबगिंग टूल विचारलंय. टूल नंतर बघू. तुमच्याकडे चूक घडते एका जागी आणि उघडी पडते महिनाअखेरीच्या हिशेबात. आधी हे अंतर कमी करा.

तुम्ही दिलेल्या कोडमध्ये डझनांचा रकाना रिकामा आला की शून्य धरलंय आणि सगळ्याभोवती ट्राय-कॅच (चूक झाली तर ती पकडणारा कोडचा भाग) आहे, त्यातला कॅच रिकामा, म्हणजे पकडलेल्या चुकीचं काहीच होत नाही. ऐन सीझनमध्ये अ‍ॅप बंद पडू नये म्हणून तो घातला असणार, हे समजतं. पण चुकीचा आकडा गुपचूप साठवणारं अ‍ॅप बंद पडणाऱ्या अ‍ॅपपेक्षा वाईट. नोंद तिथल्या तिथे नाकारा. कोणती पावती, कोणता रकाना, काय मूल्य आलं, हे संदेशात लिहा.

पेटी कधी चार डझनांची, कधी पाच-सहाची. तुम्ही पेट्या आणि डझन दोन्ही 'संख्या' नावाच्या एकाच पूर्णांकात ठेवता. कोडमध्ये पेटी आणि डझन यांचे टाइप (मूल्यांचे प्रकार) वेगळे करा, म्हणजे गल्लत कंपाइलरच, म्हणजे कोड चालण्याआधी तपासणारा प्रोग्रामच, पकडेल. १९९९ मध्ये नासाचं मंगळयान मार्स क्लायमेट ऑर्बिटर एककांच्या अशाच गोंधळात गेलं. एका सॉफ्टवेअरने पाउंड-सेकंदांत दिलेले आकडे दुसऱ्याने न्यूटन-सेकंद म्हणून वापरले, फरक जवळजवळ साडेचार पट. आकडा म्हणून तो दोन्हीकडे चालण्यासारखा होता, त्यामुळे कुठलाच प्रोग्राम अडखळला नाही.

बागेत रेंज जाते, फोन तीच पावती पुन्हा पाठवतो. पावतीचा यूयूआयडी (दुसऱ्या कुठल्याही पावतीशी न जुळणारा ओळखक्रमांक) फोनवरच तयार करा, तीच पावती दोनदा नोंदली जाऊ नये म्हणून डेटाबेसमध्ये त्याला युनिक ठेवा आणि फोनपासून सर्व्हरपर्यंत लॉगच्या प्रत्येक ओळीत तो छापा. मग एखाद्या पावतीचा सगळा प्रवास एका सर्चमध्ये दिसतो. आलेली नोंद जशीच्या तशी साठवा, दुरुस्ती ही वेगळी नोंद. हिशेबाच्या फंक्शनमध्ये 'आत्ताची वेळ' आत घेऊ नका, बाहेरून द्या. तरच जुना दिवस लॅपटॉपवर हुबेहूब पुन्हा चालवता येतो.

आणि रोज रात्री ताळा: आदली शिल्लक अधिक आवक म्हणजे जावक, बाद माल आणि आजची शिल्लक, सगळं डझनांत. मला विचाराल तर रिकामा कॅच काढून हाच आधी लावा. ताळा चुकलेला पहिला दिवस सापडला की त्या दिवसाच्या कच्च्या नोंदी बागायतदारांची नावं काढून इथे टाका, मी बघतो.