कल्चर रिपोर्टवरून कोड लावू नको भाऊ

आपलं मेडिकल कोडिंगचं काम म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानाला ठरलेला कोड देणं. परवाचा तुझा चार्ट (रुग्णाची फाइल) अजून डोक्यात आहे. युरिन कल्चरमध्ये (लघवीतला जंतू शोधणाऱ्या लॅब चाचणीत) ई. कोलाय हा जंतू दिसला आणि तू एन३९.० (लघवीचा संसर्ग) सोबत बी९६.२० (ई. कोलाय जंतू) टाकून मोकळा! डॉक्टरांनी तर नुसतं 'लघवीला जळजळ' लिहिलं होतं. लॅबचा कागद म्हणजे निदान नव्हे. डॉक्टरांना क्वेरी (खुलासा मागणारा प्रश्न) पाठव, आणि तिच्यात 'यूटीआय (लघवीचा संसर्ग) आहे ना?' असं उत्तर सुचवू नको. निदान आलंच नाही तर आर३०.० वर, म्हणजे जळजळीच्या लक्षणाच्या कोडवर थांब.

आधी आजार, मग जंतू. बी९५, बी९६ हे जंतूंचे कोड कधीच पहिले येत नाहीत. क्लेब्सिएला जंतूचा न्यूमोनिया असला तर जे१५.० या कोडमध्येच जंतू आला, वर बी९६.१ लावणं म्हणजे भरितात दोनदा मीठ.

चार्टमध्ये 'युरोसेप्सिस' हा मोघम शब्द दिसला की हात आवर. आयसीडी-१०-सीएममध्ये (आपण वापरतो त्या अमेरिकेच्या कोडयादीत) त्याला कोडच नाही. सेप्सिस (संसर्गामुळे अवयव बिघडवणारी जीवघेणी अवस्था) म्हणायचंय की नुसता लघवीचा संसर्ग, ते डॉक्टरांनाच विचार. नवा असताना मी सरळ ए४१.९ हा सेप्सिसचा कोड लावला होता. ऑडिटरने तो चार्ट सगळ्या टीमसमोर उघडला. जळगावच्या मे महिन्यात येत नाही एवढा घाम मला एसीत फुटला.

अँटिबायोटिकला जंतू दाद देत नसेल तर झेड१६ हा कोड जोडायचा, तोही संसर्गाच्या कोडनंतर आणि डॉक्टरांनी लिहिलं असेल तरच.