गहू बंद करण्याआधी

नागपूर

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा तुझ्या आवाजात आनंद मावत नव्हता. सिलिअ‍ॅक असेल, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन आतड्याला इजा करत असेल, या संशयावरून नऊ वर्षांच्या त्या मुलाची पोळी तू बंद केलीस आणि आठ दिवसांत त्याचं फुगलेलं पोट उतरलं. मी नुसतं ‘हं’ म्हटलं. तुला ते लागलं असणार, म्हणून लिहिते आहे.

सोळा वर्षांपूर्वी मीही हेच केलं होतं. बारा वर्षांची मुलगी, रक्त कमी, उंची खुंटलेली. मी गहू सोडायला लावला आणि पोर टवटवीत झाली. वर्षभराने रक्तातलं टीटीजी, म्हणजे सिलिअ‍ॅकमध्ये वाढणारी अँटिबॉडी, तपासलं, तर काहीच सापडलं नाही. पोटात गहूच जात नसेल तर त्यामुळे तयार होणाऱ्या अँटिबॉडी हळूहळू ओसरतात, आतड्याचं अस्तरही भरून येतं. खात्री करायची तर सहा-आठ आठवडे रोज पोळी खाऊन पुन्हा तपासण्या करायला हव्या होत्या. तिच्या आईने हात जोडले, ‘बरी झालेली पोर पुन्हा आजारी नका पाडू.’ मला पुढे बोलवेना. मुलगी सासरी गेली. हातात निदानाचा कागद नाही, मग ‘पोळी खात नाही’ याला तिथे नखरे म्हणाले. दोन वर्षांनी ती माझ्यासमोर बसली तेव्हा तिचं हिमोग्लोबिन ६ होतं. ती चूक माझी होती.

तुझ्या हातून वेळ गेलेली नाही. आठ दिवसांत अँटिबॉडी नाहीशा होत नाहीत. आजच त्या आईला फोन कर. पोळी पुन्हा सुरू करायला सांग आणि डॉक्टरांकडून टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी लिहून घे. सोबत एकूण आयजीएही हवं, कारण काहींच्या शरीरात आयजीए हा अँटिबॉडीचा प्रकार मुळातच कमी असतो आणि मग पहिली तपासणी फसवते. दुर्बिणीने आतड्याचा तुकडा घ्यायचा का, ते डॉक्टर ठरवतील. तोवर गहू सुटू देऊ नकोस.

आणखी एक. आपल्या विदर्भात पोर फिकट दिसलं की आधी सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार तपासतात, आणि ते बरोबरच आहे. पण ती तपासणी निर्दोष आली की लोहाची बाटली देऊन मोकळे होतात. तीन-तीन महिने लोह घेऊनही रक्त चढत नसेल, तर ते आतड्यात शोषलंच जात नाही का, हे विचारणारं कुणीतरी हवं. जुलाब नाहीत म्हणून सिलिअ‍ॅक नाही, असं धरू नकोस. कित्येकांना जुलाब होतच नाहीत.

निदान पक्कं झालं तर खरं काम त्यांच्या स्वयंपाकघरात आहे. तक्ता हातात देऊन पाठवू नकोस. ‘ज्वारीची भाकर खा’ म्हणणं सोपं आहे, पण ती ज्वारी दळली कुठे? चक्कीवर आधी कुणाचा तरी गहू दळलेला असतो आणि जात्यात उरलेली कणीक ज्वारीत उतरते. इतवारी बाजारातून अख्खी ज्वारी आणून निवडून घरघंटीवर दळायची. घरघंटी परवडत नसेल तर भातावर, डाळीवर भर द्यायचा. चाळणी आणि परात वेगळी. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, ते आईला दाखव. सांबारवडीच्या पारीत मैदा, सत्यनारायणाच्या प्रसादात रवा. पाकिटावर ‘ग्लुटेनमुक्त’ लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, असा आपल्याकडे नियम आहे. पण ती पाकिटं महाग, रोजची नव्हेत. एकादशीचं ताट मात्र निर्धास्त: साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाडा. त्यातलं पीठही घरचंच असावं.

आजीशी वेगळं बोल. नातवाला प्रसाद नको म्हणणं तिला फार जड जाईल. तिला सांग, त्याच्यासाठी तांदळाच्या पिठाचा शिरा कर. नैवेद्य तोच दाखव, मग सगळं घर तेच खाईल.

आणि हो, तू म्हणाली होतीस, त्याची धाकटी बहीण वर्गात सर्वांत बुटकी आहे. सख्ख्या भावंडांत, आईवडिलांत हा आजार साधारण दहा-पंधरांत एकाला निघतो. त्याचं रक्त द्यायला येतील तेव्हा तिलाही घेऊन यायला सांग. आईचंही तपासून घे.

तुझी,
ताई